काजू, कानातलं आणि कलप: "अंगवळणी पडेल" हे कितपत खरं?

मार्च लागला की मला येणारी पत्रं एकाच वळणाची व्हायला लागतात. हात सुजले, ओठ सुजले, पापण्या सुजल्या, आणि शेवटी एक ओळ ठरलेली, "घरचे म्हणतात सवय होईल, काय करू?" यावेळी अशी पाच पत्रं एकत्र घेतलीत, कारण वरवर वेगळी दिसली तरी सगळ्यांचं मूळ एकच आहे, की एखादं केमिकल शरीर सोसायला कसं शिकतं आणि एकदा बिनसलं की त्याला परत शिकवता येतं का. पत्रं थोडी कापलीत, नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न: डॉक्टरताई, माझं माहेर मडगावचं, लग्न होऊन सत्तरी तालुक्यात आले त्याला चार वर्षं झाली. सासरी काजूचं भाट, म्हणजे बाग आहे आणि सीझनला ओले काजूगर सोलायचं काम आम्ही बायकाच करतो. पहिल्या वर्षी बोटं काळी पडली, बाकी काही नाही. दुसऱ्या वर्षापासून सोलायला बसलं की दोन दिवसांनी हातावर पाण्याचे फोड, मनगटाच्या वरपर्यंत खाज, आणि गेल्या वर्षी तर पापण्या सुजून एक डोळा उघडेना. सासूबाई चाळीस वर्षं सोलतायत, त्यांना काही होत नाही. त्या म्हणतात, रोज थोडं थोडं करत राहा गो, अंगवळणी पडेल. त्या काही वाईट बुद्धीने म्हणत नाहीत. पण खरंच पडतं का?

उत्तर: ताई, सासूबाई म्हणतात त्यात अर्धं खरं आहे, आणि तुमच्या बाबतीत तेच अर्धं घातक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काजूच्या बीची साल चिरून बघा, दोन थरांच्या मधे पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यात ते तपकिरी चिकट तेल भरलेलं असतं, ओली बी चिरली की पहिली चिळकांडी तिथूनच उडते. त्या तेलात अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड, कार्डॉल अशी द्रव्यं आहेत आणि ती दोन तऱ्हेने त्रास देतात. घरोघरी या दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली तऱ्हा म्हणजे सरळ भाजणं, जो सोलेल त्याची बोटं काळी पडणार, कातडी सोलपटून निघणार, त्यात अ‍ॅलर्जीचा काही संबंध नाही. सासूबाईंना होतं ते हे, आणि याला कातडी खरंच थोडी निबर होते, खोबरेल तेल चोळून आणि हाताला राख लावून बसलं की कमीही होतं. माझी आई असंच करायची, परातीत राख, वाटीत तेल, आणि आम्हा पोरांना विळीच्या आसपास फिरकू द्यायची नाही.

तुमचं आहे ती दुसरी तऱ्हा, खरी अ‍ॅलर्जी. या तेलाचे रेणू इतके लहान असतात की एकटे असताना शरीराचे पहारेकरी त्यांना ओळखतसुद्धा नाहीत. पण कातडीत शिरले की ते आपल्याच प्रोटीनला जाऊन चिकटतात आणि मग ते घरचंच प्रोटीन परकं दिसायला लागतं. कातडीच्या वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या लँगरहान्स पेशी असतात. पॉल लँगरहान्सने १८६८ मध्ये बर्लिनला विद्यार्थी असतानाच त्या दाखवल्या होत्या, त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. त्या आणि त्यांच्या खालच्या थरातल्या भाऊबंद पेशी ते बदललेलं प्रोटीन उचलून जवळच्या गाठीत नेतात, हाताचं असेल तर काखेतल्या, आणि तिथे टी पेशींना, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना दाखवतात. ज्या टी पेशीला ते जुळतं ती वाढायला लागते, तिची पिलावळ तयार व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस जातात. हे चालू असताना बाहेर काहीच दिसत नाही. तुमचं पहिलं वर्ष असं गेलं. आता ती फौज कायमची तयार आहे, म्हणून तेल लागलं की एक ते तीन दिवसांत फोड येतात, लगेच नाही. बऱ्याच जणांना कारण सापडत नाही ते यामुळेच, काम रविवारी केलेलं असतं आणि हात मंगळवारी फुटतो.

मग सासूबाईंना का नाही? इथे ते अर्धं खरं येतं. शरीर नवीन केमिकल दिसलं की दर वेळी भांडतंच असं नाही, बहुतेक वेळा ते सोसायला शिकतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मेरिल चेस नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९४६ मध्ये गिनिपिगना एक अ‍ॅलर्जी आणणारं केमिकल आधी खायला घातलं आणि मग तेच कातडीला लावून अ‍ॅलर्जी आणायचा प्रयत्न केला, तर ती येईना. आधी कातडीला लावलेल्या गिनिपिगना मात्र यायची. म्हणजे वस्तू तीच, पण शरीराची तिच्याशी पहिली गाठ कुठल्या दारी पडली यावर पुढचं सगळं ठरलं. पोटाच्या दाराने आलेली वस्तू शरीर बहुधा अन्न समजून सोसतं, जखमेच्या किंवा भाजलेल्या कातडीच्या दाराने आलेली तीच वस्तू शत्रू ठरते. उंदरांवरच्या नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की कातडीला आधी अगदी नखभर मात्रेत, आग न होता, पुन्हा पुन्हा लावलं तरी सोसण्याची सवय लागते. जी मुलगी काजूच्या भाटात वाढली, कच्ची करकरीत कैरी सालीसकट चावत फिरली, तिच्या शरीराला या घराण्याच्या रसांची ओळख लहानपणीच थोडी थोडी झाली असणार. आंबा आणि काजू एकाच कुळातले, बिब्बाही त्यातलाच. तुमच्या सासूबाईंचं असं झालं असावं असं मला वाटतं, सिद्ध करून दाखवता येणार नाही.

पण आणखी एक गोष्ट सासूबाईंना विचारा. त्यांच्या बरोबरीच्या किती बायका सोलायला बसायच्या आणि त्यातल्या किती जणी एक-दोन वर्षांत उठून गेल्या? ज्यांना सोसलं नाही त्या चुलीकडे गेल्या, बोंडू, म्हणजे काजूची फळं गोळा करायला गेल्या, विळीवर उरल्या त्या सोसणाऱ्याच. त्यामुळे विळीवर बसलेल्या म्हाताऱ्या बायका बघून वाटतं की सगळ्यांनाच सवय होते.

आता मुख्य मुद्दा. चेसचे ते गिनिपिग अ‍ॅलर्जी व्हायच्या *आधी* खाऊन आले होते. अ‍ॅलर्जी होऊन गेल्यावर शरीराला मागे वळवायचं म्हणजे फार अवघड काम. जपानमध्ये उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने भांडी रंगवतात, झाड काजूच्याच कुळातलं, सावंतवाडीच्या लाखेशी त्याचा संबंध नाही, ती किड्यापासून होते. तिथल्या कारागिरांना सुरुवातीला अंगभर पुरळ येतो आणि वर्षानुवर्षं रोज हात घातल्यावर बऱ्याच जणांचा त्रास कमी झालेला आढळलाय. सासूबाईंच्या म्हणण्याला याहून मोठा आधार मला माहीत नाही. पण ते कारागीर बारा महिने तेच काम करतात आणि ज्यांचं कमी होत नाही ते धंदा सोडतात. तुमचं काम वर्षातून दोन महिने, मधले दहा महिने मोकळे, आणि दर वर्षी त्रास कमी न होता वाढतोय, हातावरून पापण्यांवर गेलाय. हे अंगवळणी पडण्याचं लक्षण नाही, उलट आहे. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीचा असाच त्रास होतो, तिथे डॉक्टरांनी तिचं तेल महिनोन् महिने तोंडाने देऊन पाहिलं. काहींची अ‍ॅलर्जी थोडी बोथट झाली, पण औषध बंद केलं की परत मूळ पदावर, आणि मधल्या काळात पुरळ, शौचाच्या जागी भयंकर खाज. देखरेखीखाली, मोजून मापून देऊन ही गत, तर विळीवर बसून अंदाजाने केलेल्या "थोड्या थोड्या"ने काय होणार.

तेव्हा ताई, सोलायचं बंद करा, अगदी कायमचं. त्यात कामचुकारपणा नाही. भट्टीपासून आणि साली जाळतात त्या धुरापासूनही लांब राहा, पापण्या सुजल्या त्या एक तर हात लागून किंवा धुराने. विळीची मूठ, पुसायचं फडकं, पाटाची कड, इथे तेल सुकून राहतं आणि लागलं तर तितकाच त्रास देतं. चुकून लागलंच तर जेवण होऊ दे मग धुते असं नको, लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवायचं, पहिल्या काही मिनिटांत धुतलं तर फरक पडतो. पातळ रबरी हातमोज्यांवर भरवसा ठेवू नका, असली तेलं त्यातून झिरपतात. सोललेले गर दुसऱ्या कुणी गरम पाण्यातून काढून धुऊन दिले की भाजी तुम्ही खुशाल फोडणीला घाला. भाजलेले काजू खायला सहसा हरकत नसते. मानकुराद आंबा मात्र दुसऱ्याकडून सोलून, फोडी करून घ्या, साल दाताने ओढून खाल्लात तर ओठांभोवती तोच पुरळ उठेल कारण देठाच्या चिकात याच जातीची द्रव्यं आहेत. आणि हे पत्रच सासूबाईंना वाचून दाखवा, त्या ऐकतील असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय.

प्रश्न: माझी मुलगी बारा वर्षांची आहे, आम्ही म्हापशाला राहतो. दात पुढे आहेत म्हणून डेंटिस्टने तारा लावायला सांगितल्यात. तिला बोडगेश्वराच्या जत्रेत कानाला वरच्या बाजूला दुसरं भोक पाडून हवं होतं, मी कसंबसं थांबवलं. आमच्या नात्यातली एक बाई म्हणाली की आधी तारा लावा आणि मग कान टोचा, म्हणजे धातूची अ‍ॅलर्जी होत नाही. हे खरं की नुसती ऐकीव गोष्ट?

उत्तर: खरं आहे हो, निदान बऱ्याच अंशी. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा नवल वाटलं होतं. हॉलंडमध्ये आणि फिनलंडमध्ये अशा पाहण्या झाल्यात, ज्या मुलींनी आधी दातांना तारा लावल्या आणि नंतर कान टोचले त्यांच्यात निकेलची अ‍ॅलर्जी कमी आढळली. ज्यांनी आधी कान टोचले आणि नंतर तारा लावल्या त्यांना तसा फायदा दिसला नाही. वरच्या पत्रात गिनिपिगांचं सांगितलं, तेच माणसांच्या पोरींमध्ये आपोआप घडलेलं. तारांमधून निकेल अगदी कणाकणाने सुटतं, थुंकीबरोबर पोटात जातं, तिथे जखम नाही, आग नाही, मग शरीर गुपचूप सोसायला शिकतं.

कानाचं याच्या बरोबर उलट. ताजं भोक म्हणजे उघडी जखम, त्यात घाम, त्यात ओलसरपणा, आणि त्यातच चोवीस तास निकेलचा खिळा. शिवाय निकेलला एक वाईट खोड आहे. माणसाच्या पेशींवर जंतू ओळखून धोक्याची घंटा वाजवणारा एक रिसेप्टर असतो, निकेल थेट त्यालाच जाऊन चिकटतं आणि जंतू नसताना घंटा वाजवतं, हे २०१० मध्ये कळलं. उंदराच्या रिसेप्टरमध्ये ती जागाच वेगळी आहे त्यामुळे उंदरांना निकेलची अ‍ॅलर्जी आणायला मारामार पडते, आणि आपल्याला मंगळसूत्राच्या हुकाने आणि जीन्सच्या बटणाने पण होते.

आता तुमच्या मुलीचं. आपल्यात बारशाच्या सुमारास सोनाराकडून सोन्याच्या तारेने कान टोचतात, तिचेही टोचले असतील. घाबरू नका, बावीस कॅरेट सोन्यात तांबं-चांदी मिसळतात, निकेल सहसा नसतं, त्यामुळे त्या भोकाने निकेलशी ओळख झाली असं धरायला नको. त्यानंतर तिने जत्रेतली, शुक्रवारच्या बाजारातली झुमकी घातली असतील तर मात्र ओळख झालेली असू शकते. कधी कानाची पाळी लाल झाली होती का, चिकट पाणी आलं होतं का, कानातलं काढून ठेवलं की बरं वाटायचं का, हे तिला नीट विचारा. झालं असेल तर तारा लावायच्या आधी डेंटिस्टला सांगा.

तारा दातांसाठी लावा, अ‍ॅलर्जी टळावी म्हणून नको, या पाहण्यांवरून तितकं म्हणता येत नाही. पण दोन्ही करायचंच आहे तर क्रम आधी तारा मग कान असा ठेवायला काहीच बिघडत नाही. आणि दुसरं भोक पाडाल तेव्हा जत्रेत नको. भोकाची जखम पूर्ण भरेपर्यंत चांगलं सोनं किंवा टायटॅनियम, पांढरं सोनं नाही, कारण त्यात निकेल घातलेलं असू शकतं. बाजारातल्या कानातल्यावर निकेल किती ते लिहिलेलं नसतं. डेन्मार्कने १९९० मध्ये कायदाच केला की अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटीमीटरमागे आठवड्याला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, पुढे सगळ्या युरोपने तो घेतला, आणि त्यानंतर कान टोचलेल्या मुलींमध्ये अ‍ॅलर्जी ठळकपणे कमी झाली. कुणाला औषध दिलं नाही, शरीराला काही शिकवायला गेले नाहीत, दागिना सुधारला. माझ्या मनात हे उदाहरण फार ठसलंय. घरी तपासायचं असेल तर डायमिथाइलग्लायॉक्झाइमची टेस्ट किट मिळते, कापसाच्या काडीवर थेंब घेऊन कानातल्यावर घासायचं, गुलाबी झालं तर निकेल सुटतंय.

प्रश्न: मॅडम, वय ५४, फोंड्याला दुकान आहे. पंधरा वर्षं दर महिन्याला केसांना डाय करतो, ब्रँड पण तोच. कधी काही झालं नाही. दिवाळीत लावला आणि दुसऱ्या दिवशी कपाळ, कान, मान सगळं पेटलं, तिसऱ्या दिवशी चेहरा ओळखू येईना इतका सुजला. कंपनीने माल बदलला असेल का? आता अमोनिया नसलेला डाय आणलाय, तो चालेल ना?

उत्तर: भाऊ, तो अमोनियाविना डाय आधी बाजूला ठेवा, लावू नका. अमोनिया नाही म्हणजे अ‍ॅलर्जीचं केमिकल नाही असा अर्थच होत नाही, ही गैरसमजूत इतक्या लोकांना भोवलीय की मी प्रत्येक वेळी लिहिते. काळ्या डायमधला बहुतेक वेळा दोषी असतो तो पॅराफेनिलिनडायअमाइन, खोक्यावर बारीक अक्षरात पीपीडी म्हणूनही असतो. तो अमोनिया नसलेल्या डायमध्येही सापडतो. त्याच्या जागी कधी टोल्यूइन-२,५-डायअमाइन हा त्याचा भाऊबंद घालतात, पण पीपीडीच्या अ‍ॅलर्जीवाल्यांपैकी बऱ्याच जणांना तोही सोसत नाही.

माल बदलायचीच गरज नाही. पंधरा वर्षं सोसलं म्हणजे सोळाव्या वर्षी सोसेलच असं शरीराने कुठे लिहून दिलेलं नसतं. सोसणं ही एकदा मिळवून ठेवायची गोष्ट नाही, ते तोल सांभाळणं आहे, रोज चालू असलेलं. आपल्या कातडीत एक एन्झाइम असतं जे पीपीडीचं रूप बदलून त्याला निरुपद्रवी करतं, थोडं असेल तोवर ते पुरं पडतं. त्याच्या वर गेलं की उरलेलं प्रोटीनला चिकटतं. दुसऱ्या बाजूला भडकणाऱ्या टी पेशी आणि त्यांना आवरणाऱ्या टी पेशी यांची रस्सीखेच चाललेली असते. कधी पांढरे केस वाढले म्हणून डाय जास्त वेळ ठेवला, कधी डोक्यात कोंडा होता, खाजवून ओरखडे पडले होते, कधी लग्नाच्या गडबडीत पंधरा दिवसांत दोनदा लावला, आणि एखाद्या वेळी तोल जातो. नेमकं कुठलं कारण हे मागे जाऊन सांगता येत नाही, पण गेल्या वर्षभरात डाय लावायची पद्धत बदलली होती का ते आठवून बघा.

काळी मेंदी कधी हाताला काढली होती का हेही आठवा. बीचच्या कडेला पर्यटकांना काढून देतात ती कुळकुळीत काळी नक्षी म्हणजे मेंदी नव्हे, तिच्यात हेच पीपीडी घालतात आणि तेही डोक्याच्या डायपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात असू शकतं. मेंदीचा खरा रंग लालसर तपकिरी, तासाभरात काळीभोर होते ती संशयास्पद. पोरांना तर ती अजिबात काढू देऊ नका, एका नक्षीपायी जन्मभराची अ‍ॅलर्जी होते.

पुढे काय? एक तर पांढरे केस ठेवा. नाहीतर शुद्ध मेंदी आणि वर नीळ, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पूड, पण पाकिटावर घटक पूर्ण लिहिलेले असतील तरच, "हर्बल" या शब्दावर जाऊ नका. लावायच्या आधी चिमूटभर कोपराच्या आत लावून दोन दिवस बघा. मूळचा डाय मात्र असा घरी लावूनही तपासू नका, तुमची अ‍ॅलर्जी जोरकस आहे. परत चेहरा सुजला, डोळे मिटले किंवा श्वासाला जड वाटलं तर मलम लावत घरी बसू नका, सरळ हॉस्पिटलमध्ये जा. आणि फार्मसीतून ते चार औषधांचं मिळून एक मलम असतं ते आणू नका. त्यात स्टेरॉइड असतं, बुरशीचं औषध असतं आणि काहींमध्ये निओमायसिन, ज्याची स्वतःचीच अ‍ॅलर्जी व्हायचं प्रमाण चांगलंच आहे. डायने भडकलेल्या कातडीवर निओमायसिन चोळून दुसरी अ‍ॅलर्जी ओढवून घेतलेले पेशंट मी बघितलेत, आणि दर वेळी जीव हळहळतो.

प्रश्न: मी ताळगावला बायोटेक्नॉलॉजी शिकतो. २०२५ चं मेडिसिनचं नोबेल रेग्युलेटरी टी सेल्सना मिळालं. माझ्या वडिलांना सिमेंटची अ‍ॅलर्जी आहे, गवंडीकाम सोडावं लागलं. मग आता असं औषध येईल का की शरीर सिमेंटमधलं क्रोमियम सोसायला शिकेल? धुळीच्या अ‍ॅलर्जीला इंजेक्शनं असतात ना तसं?

उत्तर: बाळा, वडिलांसाठी विचारलंस, फार बरं वाटलं. आधी नोबेलचं. मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची या तिघांना ते मिळालं. साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं की टी पेशींमध्ये एक जात अशी असते जी बाकीच्यांना आवर घालते. बाकी दोघांनी २००१ मध्ये फॉक्सपी-३ हा जीन शोधला, जो बिघडला की उंदीर आणि माणूस दोघांचंही शरीर स्वतःवरच उलटतं, आणि मग या जीनवरच त्या आवर घालणाऱ्या पेशी उभ्या आहेत हे कळलं.

याचा आपल्या विषयाशी अगदी सरळ संबंध आहे. २००३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी निकेलची अ‍ॅलर्जी *नसलेल्या* माणसांचं रक्त घेतलं आणि त्यातून या आवर घालणाऱ्या पेशी काढून टाकल्या. उरलेल्या टी पेशी निकेल दिसताच भडकल्या. म्हणजे ज्याला काही होत नाही त्याच्यातसुद्धा निकेलवर धावून जाणाऱ्या पेशी आहेत, फक्त कोणीतरी त्यांची दोरी धरून बसलंय. मला स्वतःला या एका प्रयोगाने विचार बदलायला लावला, की निरोगी माणसाचं सोसणं म्हणजे काहीच न घडणं नव्हे.

पण औषध? आज रासायनिक संपर्क अ‍ॅलर्जीसाठी असं खात्रीचं औषध नाही. धुळीची इंजेक्शनं आयजीई नावाच्या अँटीबॉडीच्या अ‍ॅलर्जीवर चालतात, ती मिनिटांत येणारी, शिंका-दम्याची अ‍ॅलर्जी. वडिलांची टी पेशींची, दिवसांनी येणारी, तिची यंत्रणाच वेगळी. त्यातून या टी पेशींपैकी काही कातडीतच घर करून वर्षानुवर्षं बसतात, म्हणून पुरळ परत येतो तो नेमका जुन्याच जागी. रक्तातल्या पेशींना समजावलं तरी या घर करून बसलेल्यांचं काय करायचं हा खरा पेच आहे. निकेलचे डोस तोंडाने देऊन पाहिलेत, आपल्या देशात, ज्याने अशीच पुरळ उठते त्या गाजर गवताच्या अर्काचेही पाहिलेत, काहींना आराम पडला, पण रोजच्या वापरातली उपचारपद्धत त्यातून उभी राहिली नाही. तू या क्षेत्रात काम करायचं ठरवलंस तर हा प्रश्न अजून मोकळा आहे.

सिमेंटचं मात्र निकेलसारखंच, उत्तर कातडीच्या बाहेर आहे. दोषी असतं ते सहा संयुजेचं क्रोमियम. सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट घातलं की ते तीन संयुजेचं होतं आणि कातडीत शिरायची त्याची ताकद खूप कमी होते. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकातच हे सुरू झालं, युरोपात २००५ पासून दहा लाखात दोन भागांची मर्यादा आहे. वडिलांना चामड्याच्या चपला घातल्यावर पायाला त्रास होतो का बघ, कमावलेल्या चामड्यातही क्रोमियम असतं आणि काम सोडूनही पुरळ जात नाही तेव्हा बरेचदा चप्पल कारणीभूत असते. कापडी किंवा प्लास्टिकच्या घालून महिनाभर बघा.

प्रश्न: पॅच टेस्ट करायला सांगितलंय. डिचोलीहून पुन्हा पुन्हा यायला जमत नाही, एका दिवसात होत नाही का? आणि मे महिन्यात केली तर चालेल?

उत्तर: एका दिवसात नाही होत हो, आणि त्याचं कारण वर सगळं आलंच आहे, टी पेशींना यायलाच वेळ लागतो. योसेफ याडासोनने १८९५ मध्ये ही टेस्ट लोकांपुढे मांडली आणि अजून तत्त्व तेच आहे, पाठीवर केमिकलच्या छोट्या चकत्या चिकटवायच्या, दोन दिवसांनी काढायच्या आणि बघायचं, मग आणखी एक-दोन दिवसांनी परत बघायचं. दुसरी खेप चुकवू नका, काही अ‍ॅलर्जी तेव्हाच उमटतात. सोमवारी लावून घेतलीत तर आठवड्यात आटपते. मे महिन्यात घामाने पट्ट्या सुटतात, पाठ भिजवायची नसते म्हणजे आंघोळही अर्धीच, त्यामुळे निवड असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. पाठीवर स्टेरॉइडचं मलम आठवडाभर आधीपासून नको, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतः बंद करू नका. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे चौकशी करून वेळ ठरवूनच निघा. येताना पिशवीत तुमचा साबण, तेल, कलप, कुंकू, कामाचे हातमोजे, आणि पायात रोज घालता त्या जुन्या चपला सगळं घेऊन या, ठरलेल्या यादीत जे सापडत नाही ते पुष्कळदा त्या पिशवीत सापडतं.